रुग्णवाहिकेच्या पोटात: गाडी, स्ट्रेचर, बाटले आणि पट्टे यांची सोपी ओळख

रुग्णवाहिका उलटल्याची किंवा कशावर तरी आदळल्याची बातमी आली की चर्चा चालकाच्या वेगापाशी येऊन थांबते. वेग महत्त्वाचा आहेच. पण तेवढ्याच वेगाने साधी मोटार आदळली, तर तिच्यातली माणसं पुष्कळदा किरकोळ जखमांवर वाचतात. ती पट्ट्यात बांधलेली असतात, तोंड समोर असतं, पुढ्यात एअरबॅग असते. रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात यातलं काहीच नसण्याची शक्यता मोठी. तिथं एक माणूस आडवा झोपलेला, एक त्याच्यावर वाकून उभा, नातेवाईक बाजूच्या बाकावर, आणि चहूबाजूंनी ऑक्सिजनचे लोखंडी बाटले, यंत्रं, पेट्या.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९९२ ते २०११ या वीस वर्षांतले रुग्णवाहिकांचे अपघात तपासले. वर्षाला सरासरी ४,५०० अपघात आणि ३३ मृत्यू निघाले. त्याच प्रशासनाने काही अपघातांची खोलात जाऊन चौकशी केली, तेव्हा जे दिसलं ते जास्त बोलकं आहे. मागच्या भागातल्या ८४ टक्के कर्मचाऱ्यांनी पट्टा लावलेला नव्हता. खांद्याचे आणि कंबरेचे असे दोन्ही पट्टे जेमतेम ३३ टक्के रुग्णांना लावले होते. गंभीर अपघातांत ४४ टक्के रुग्ण स्ट्रेचरवरून फेकले गेले होते.

म्हणजे प्रश्न आतल्या मांडणीचा आहे. रुग्णवाहिका ही धावणारी उपचारखोली आहे, आणि खोली धावायला लागली की तिच्यातली सुटी असलेली प्रत्येक वस्तू घातक होते. माणूससुद्धा.

## धडकेत वजन कसं वाढतं

एसटीत उभं असताना चालकाने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे जातो. बस थांबलेली असते, आपण अजून तिच्या जुन्या वेगानेच निघालेलो असतो. धडकेतही हेच होतं, फक्त थांबण्याचं अंतर फार थोडं असतं.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भक्कम भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग चुरगळत ६० सेंटिमीटरमध्ये ती थांबली असं धरा. हिशेब केला तर आतल्या प्रत्येक वस्तूला पृथ्वीच्या ओढीच्या साधारण १६ पट झटका बसतो. पृथ्वीच्या एका ओढीइतक्या झटक्याला ‘१ जी’ म्हणतात, तेव्हा हा १६ जी. आता ९ किलोचं डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, शेल्फवर नुसतं ठेवलेलं आहे. त्या क्षणी ते जवळजवळ दीडशे किलोच्या जोराने पुढे सुटतं. आईच्या मांडीवरचं १० किलोचं मूल १६० किलोचं होतं. जगातली कुठलीही आई ते धरून ठेवू शकत नाही.

युरोपचं मानक, ईएन १७८९, यासाठी सरळ अट घालतं: माणसं आणि उपकरणं पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि उभ्या दिशेने १० जीचा झटका बसला तरी जागेवर राहिली पाहिजेत. वेलक्रोची पट्टी, बंजी दोरी किंवा शेल्फची दोन इंचांची कड यातलं काहीही या परीक्षेत टिकत नाही. यंत्राला स्वतःचं कुलूपबंद ब्रॅकेट लागतं, एका हाताने निघणारं आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत न बसणारं.

## गाडी घडते कशी

कुठल्याही देशात पूर्ण रुग्णवाहिका एकाच कारखान्यात क्वचित बनते. वाहन कंपनी चासी, म्हणजे चाकं-इंजिनसह खालचा सांगाडा, किंवा व्हॅन देते आणि बॉडी बिल्डर, म्हणजे गाडीचा वरचा भाग बांधणारा कारखानदार, तिची रुग्णवाहिका करतो. घोळ बहुतेक याच टप्प्यावर होतात.

रचना मुख्यतः दोन. एक म्हणजे मूळ व्हॅनच आतून बदलायची. दुसरी म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे चासीवर वेगळी पेटी बसवायची. युरोप आणि जपानमध्ये पहिल्या प्रकारच्या गाड्या भरपूर दिसतात, तर अमेरिकेतली ओळखीची चौकोनी रुग्णवाहिका दुसऱ्या प्रकारची. पेटीचा फायदा असा की चासी झिजली तर तीच पेटी उचलून नव्या चासीवर बसवता येते. व्हॅन बुटकी, हलकी आणि गल्लीबोळात चपळ. शिवाय तिचं कवच कारखान्यात एकसंध बनलेलं असतं.

हे कवच बॉडी बिल्डरने कापलं की ताकद जाते. उभं राहता यावं म्हणून व्हॅनचं छप्पर कापून वर फायबरचा टोप बसवतात. छपराखालच्या आडव्या लोखंडी कमानी कापून तशाच सोडल्या, तर गाडी उलटल्यावर फायबरचा टोप अंड्याच्या टरफलासारखा बसतो. कापलेल्या कमानींच्या जागी पोलादी नळ्यांचा सांगाडा घालायलाच हवा. तो पॅनेलच्या आत दडतो, तयार गाडी बघणाऱ्याला दिसत नाही, म्हणूनच काटकसर करणारा तो गाळतो.

दुसरी चूक बोल्टची. आतून दिसणारी भिंत प्लायवूडची किंवा पातळ ॲल्युमिनियमची असते. सिलिंडरचं ब्रॅकेट त्या प्लायवर स्क्रूने बसवलं की हाताने कितीही हलवा, घट्ट वाटतं. झटका बसला की स्क्रू प्लायचा भुगा घेऊन बाहेर येतो. ब्रॅकेटचा बोल्ट पॅनेलमधून आरपार जाऊन मागच्या लोखंडी बरगडीत किंवा जाड पोलादी पट्टीत बसला पाहिजे, म्हणजे ओढ एका भोकावर न येता मोठ्या जागेवर वाटली जाते. चांगले कारागीर पॅनेल चढवण्याआधीच या पट्ट्या बसवून त्यांचा नकाशा काढून ठेवतात. पुढे कधी नवं यंत्र लावायचं झालं तर कुठे भोक पाडायचं ते त्यामुळे कळतं. असा नकाशा नसलेली गाडी विकत घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

## देशोदेशीचे नियम, आणि अक्षरांचा गोंधळ

१९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. तेव्हा त्या देशातली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधी करणारे व्यावसायिक चालवत होते. आडवं माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याचकडे असायची. अशा गाडीत रुग्णाशेजारी बसून उपचार करायला जागाच नव्हती. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयविकाराच्या रुग्णांसाठी डिफिब्रिलेटर घेऊन जाणारी गाडी सुरू केली. त्यांचं पहिलं फिरतं यंत्र सुमारे ७० किलोचं होतं आणि मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं. रुग्णालयातलं यंत्र रुग्णापर्यंत नेता येतं हे दिसल्यावर गाडीचा आकारच बदलावा लागला.

अमेरिकेत १९७४ मध्ये सरकारी खरेदीसाठी केकेके-ए-१८२२ नावाचं मानक आलं. त्यातले प्रकार एक, दोन आणि तीन हे गाडीच्या बांधणीवरून पाडलेले: ट्रकच्या चासीवर पेटी, उंच छपराची व्हॅन, आणि व्हॅनच्या केबिनमागे पेटी. युरोपात प्रकार उपचारांच्या पातळीवरून पडतात. ‘ए’ म्हणजे स्थिर रुग्णाची ने-आण, ‘बी’ म्हणजे तातडीचे प्राथमिक उपचार आणि देखरेख, ‘सी’ म्हणजे फिरता अतिदक्षता विभाग. भारताच्या एआयएस-१२५ या मानकातही पातळीवरूनच चार प्रकार आहेत, पण ‘ए’ म्हणजे नुसता प्रथमोपचार घेऊन पोहोचणारं, रुग्णाला झोपवून न नेणारं वाहन. ‘बी’ ने-आण करणारं, ‘सी’ प्राथमिक जीवरक्षक, आणि ‘डी’ प्रगत जीवरक्षक. म्हणजे युरोपची ‘सी’ आणि भारताची ‘सी’ या वेगळ्या गाड्या. परदेशी गाडीचं माहितीपत्रक वाचताना इथं पुष्कळजण फसतात.

गाडीचा आकार त्या देशाच्या उपचारपद्धतीवरही ठरतो. फ्रान्स आणि जर्मनीत डॉक्टर रुग्णाकडे जातो. जर्मनीत तो अनेकदा वेगळ्या छोट्या मोटारीतून येतो आणि रुग्णवाहिकेला घटनास्थळी गाठतो. अमेरिका-ब्रिटनमध्ये पॅरामेडिक, म्हणजे डॉक्टर नसलेले पण तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी, रुग्णाला सांभाळत डॉक्टरकडे नेतात. जिथं उपचार जागेवर होतात तिथं गाडीत पुरेसा उजेड, भरपूर औषधं आणि उभ्या गाडीत दीर्घकाळ चालणारी वीज लागते. जिथं लवकर निघायचं असतं तिथं चालत्या गाडीत बसल्या जागेवरून हात कुठवर पोहोचतो, हे पहिलं.

## स्ट्रेचर

स्ट्रेचर साध्या चाकांवर सरकतं, म्हणून ते गाडीला किती घट्ट जोडलेलं आहे याकडे लक्ष जात नाही. रुग्णाचं वजन ८० किलो, स्ट्रेचरचं ४० ते ६०. १० जीला हे सगळं मिळून एका टनाच्या वर जातं. ही सगळी ओढ गाडीच्या जमिनीतल्या एका रुळावर आणि एका आकड्यावर, म्हणजे स्ट्रेचर अडकवणाऱ्या हुकावर, येते.

अमेरिकेत पूर्वी हा आकडा तपासायला त्यावर २,२०० पौंड, म्हणजे सुमारे हजार किलो, हळूहळू ओढ देत. आता एसएई जे३०२७ नावाच्या चाचणीत पुतळा झोपवून, पट्टे लावून, ताशी ३० मैलांच्या धडकेइतका झटका देतात. फरक मोठा आहे. दोरीला हळूहळू वजन लटकवलं तर ती तोलते, तीच दोरी त्याच वजनाने झटक्यात ताणली तर तुटते. हळू ओढीत पास होणारे आकडे झटक्यात वाकतात हे दिसल्यावरच चाचणी बदलली.

आता पट्टे. रुग्णाला डोकं गाडीच्या पुढच्या बाजूला करून आत घेतात. समोरून धडक बसली की त्याचं शरीर डोक्याच्या दिशेने सरकतं. नुसते छातीवर आणि पायांवर आडवे बांधलेले पट्टे असतील तर माणूस त्यांच्याखालून मुळा उपटावा तसा निसटतो. त्याला अडवतात ते खांद्यांवरून येणारे दोन पट्टे. स्ट्रेचरच्या डोक्याकडच्या बाजूने येऊन ते छातीवरच्या आडव्या पट्ट्याला जोडले जातात. नेमके हेच दोन पट्टे गादीखाली गुंडाळून ठेवलेले सापडतात. घाईत वेळ जातो, रुग्णाला अडचण होते, चादर बदलताना मध्ये येतात, ही कारणं नेहमीची. पण पट्टा लावायला १० ते १५ सेकंद लागतात. पाठीकडचा भाग थोडा उचललेला असेल तर खांद्याचे पट्टे आणखी चांगले काम करतात, म्हणून मणक्याच्या दुखापतीसारखं वैद्यकीय कारण नसेल तर रुग्णाला अगदी सपाट झोपवण्याचा आग्रह धरू नये.

नवजात बाळाचं इनक्युबेटर हे तर याहून अवघड. ट्रॉलीसकट त्याचं वजन शंभर किलोच्या आसपास किंवा जास्त असतं. बाळासाठी आतमध्ये वेगळी जाळीची किंवा पट्ट्यांची सोय लागते, आणि ट्रॉलीचं मापही जमिनीतल्या रुळाशी जुळावं लागतं. एका कंपनीची ट्रॉली दुसऱ्या कंपनीच्या रुळावर ‘जवळपास’ बसते तेव्हाच अपघाताची तयारी झालेली असते.

## बसायची जागा: खरी गोम इथं आहे

जुन्या रचनेत रुग्णाच्या बाजूला लांब आडवा बाक असतो. त्यावर बसलेल्या माणसाचं तोंड गाडीच्या बाजूकडे. समोरून धडक बसली की त्याला झटका कुशीतून लागतो. आपली मान, बरगड्या आणि कंबर पुढून किंवा पाठीमागून आलेला झटका बराच सोसतात, बाजूने आलेला फारसा सोसत नाहीत. म्हणून युरोपात मागच्या भागात सहसा पुढे किंवा मागे तोंड असलेल्या स्वतंत्र खुर्च्या असतात, प्रत्येकीला तीन टेकूंचा पट्टा आणि डोक्याला आधार. अमेरिकेतही नव्या गाड्यांमध्ये बाक जाऊन सरकत्या आणि फिरत्या खुर्च्या येत आहेत. खुर्ची रुळावर पुढे-मागे सरकते आणि वळते. फक्त चालत्या गाडीत ती ठराविक दिशेलाच कुलूपबंद असली पाहिजे.

मांडणीची साधी परीक्षा अशी. खुर्चीत पट्टा लावून बसा आणि हात लांब करा. ऑक्सिजनचा वेग बदलता येतो का? सक्शन मशीनची नळी, म्हणजे रुग्णाच्या तोंडातला स्राव ओढून घेणारी, हातात येते का? मॉनिटरचा पडदा मान न वळवता दिसतो का? हातमोजे, मास्क, फुगा दाबून श्वास देणारी पिशवी, सलाईनचा चिमटा? यातल्या ज्या गोष्टीसाठी उठावं लागतं, ती चुकीच्या जागी बसवलेली आहे. कर्मचारी पट्टा लावत नाहीत म्हणून त्यांना बोल लावण्याआधी ही परीक्षा घ्यावी. सक्शन यंत्र समोरच्या भिंतीवर असेल तर घशात उलटी अडकलेल्या रुग्णासाठी कोणीही पट्टा सोडेल, आणि सोडलाच पाहिजे.

## ‘पट्टा लावून छाती कशी दाबायची?’

रास्त शंका आहे. हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. पट्ट्यात बसून हे होत नाही. पण उभ्याने, वळणावळणाला तोल सांभाळत, एका हाताने छपराचा दांडा धरूनही ते नीट होत नाही. छाती पुरेशी खोल दाबली जात नाही, लय तुटते.

म्हणून ज्या सेवा हा विषय गांभीर्याने घेतात त्या हे उपचार घटनास्थळीच करतात. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर निघतात, किंवा छाती दाबणारं यांत्रिक उपकरण रुग्णाला बांधून निघतात. डिफिब्रिलेटरला हृदयाची लय वाचायची असते तेव्हाही गाडी थांबवावी, कारण हादऱ्यांमुळे यंत्राची गफलत होते. एखादी सुई टोचायची, नळी घालायची, तर चालकाला सांगून अर्धा मिनिट कडेला थांबणं हे हलत्या गाडीत तीनदा चुकण्यापेक्षा लवकर होतं.

## ऑक्सिजनचा हिशेब

बाटल्यावर लिहिलेलं पाण्याचं माप, म्हणजे त्याच्या पोटात किती लिटर पाणी मावेल ते, आणि गेजवर दिसणारा दाब यांचा गुणाकार केला की आत किती लिटर वायू आहे ते कळतं. १० लिटरचा बाटला, दाब १५० बार: १,५०० लिटर. पण शेवटचे २० बार राखीव समजावेत. म्हणजे हाताशी १३० गुणिले १०, १,३०० लिटर. रुग्णाला मिनिटाला १५ लिटर लागत असतील तर ८६ मिनिटं. प्रवास तासाभराचा, वाटेत गर्दी, रुग्णालयाच्या दारात खाटेसाठी थांबणं, हे धरलं तर एक बाटला पुरत नाही. निघण्याआधी अपेक्षित वेळेच्या दुप्पट साठा हा सुरक्षित नियम आहे. व्हेंटिलेटर लावलेला असेल तर तो स्वतः चालण्यासाठी वायू खातो का, हे त्याच्या पुस्तिकेत बघावं. काही यंत्रं खातात.

आगीचा भाग लोक विसरतात. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. आतला भाग १० घनमीटरचा, सगळी दारं-खिडक्या आणि पंखे बंद, आणि मिनिटाला १५ लिटर वायू मास्कभोवतीने बाहेर पडतोय. साधारण २०-२५ मिनिटांत हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ वरून २३.५ टक्क्यांच्या वर जातं. तिथून पुढे कापूस, चादर, केस यांना ठिणगी पुरते. म्हणून ईएन १७८९ उभ्या गाडीतही तासाला किमान २० वेळा हवा बदलली गेली पाहिजे असं सांगतं. एसी लावला म्हणून बाहेर हवा फेकणारा पंखा बंद करणं ही नेहमीची चूक. याच पंख्यामुळे संसर्गजन्य रुग्णाच्या श्वासातले जंतूही आत साठत नाहीत.

बाटल्याच्या तोंडाला आणि रेग्युलेटरला तेल, ग्रीस, मलम कधीही लावू नये. व्हॉल्व्ह सावकाश उघडावा, कारण झटक्यात उघडला तर पुढच्या बारीक जागेत वायू एकदम दाबला जाऊन तापतो आणि तिथं तेलाचा अंश असेल तर पेट घेतो. बाटला दोन ठिकाणी पकडलेला हवा, वर आणि खाली. एकाच साखळीने बांधलेला बाटला झटका बसला की तळातून सुटतो. बाटल्याच्या तोंडाचा व्हॉल्व्ह मोडला तर बाटला अक्षरशः रॉकेटसारखा उडतो.

## ‘मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी ना?’

नेहमी नाही. पेटी जितकी उंच तितका गुरुत्वमध्य वर, आणि वळणावर कलंडायची भीती जास्त. त्यात जड बाटले आणि यंत्रं डोक्याच्या उंचीच्या कपाटात भरली तर आणखी बिघडतं. नियम किराणा भरण्याइतका साधा आहे: जड तळाला, हलकं वर. बाटले, बॅटऱ्या, सामान उतरवायच्या पाट्या खाली, बँडेज आणि मास्क वर.

वजनाची दुसरी बाजू म्हणजे ब्रेक. वाहनाचं कमाल भारित वजन ठरलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरेल तेवढंच सामान आणि माणसं घेता येतात. नवं यंत्र येतं, जुनं कोणी काढत नाही, आणि दोन-चार वर्षांत गाडी मर्यादेच्या वर जाते. वर्षातून एकदा सगळ्या सामानासह, माणसं बसवून, वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून बघावा. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर सहसा ३.५ टनांपर्यंतचंच वाहन चालवता येतं, त्यामुळे तिथं एकेक किलो मोजूनच गाडी आखतात.

रुग्णाला बसणारे धक्केही इथूनच येतात. मालट्रकच्या चासीचे पाटे पूर्ण भारासाठी बनवलेले असतात. त्यावर अर्ध्या भाराची रुग्णवाहिका बसवली की पाटे दबतच नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट स्ट्रेचरला पोहोचतो. मोडलेल्या हाडाच्या रुग्णाला तो यातना देतो आणि नवजात बाळाला धोका. मागच्या ॲक्सलवर हवेचं सस्पेन्शन हा उत्तम उपाय. त्याने रुग्ण चढवताना मागचा भाग खालीही बसवता येतो आणि कर्मचाऱ्यांच्या कंबरा वाचतात. जपानच्या रुग्णवाहिकांत स्ट्रेचरखाली धक्के शोषणारं स्वतंत्र बैठं असतं.

## सायरन आणि दिवे किती कामाचे

सायरनचा आवाज तीन मीटरवर साधारण १२० डेसिबल. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. म्हणजे ६ मीटरवर ११४, १२ वर १०८, २४ वर १०२, ४८ वर ९६. काचा बंद असलेली मोटार त्यातले तीसेक डेसिबल अडवते. उरले ६६. एसी आणि गाणी चालू असलेल्या गाडीत तेवढा आवाज आतच असतो. आता ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या चालकाला भानावर येऊन पूर्ण थांबायला सुमारे ३५ मीटर लागतात. चौकात आडव्या रस्त्याने येणारा तर सायरनच्या समोर नसतोच, मध्ये इमारती. त्याला ऐकू येईल हे गृहीत धरून लाल दिवा ओलांडणं म्हणजे जुगार. चौकात थांबून, एकेक लेन मोकळी झाल्याची खात्री करून पुढे जायचं, हेच शिकवलं जातं.

सायरन छपरावर असेल तर आत इतका गोंगाट होतो की स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही. तो पुढच्या बंपरजवळ बसवला तर आवाज समोरच्या गाड्यांच्या उंचीवर जातो आणि आतलं काम सुकर होतं.

रंगाचं शास्त्रही डोळ्यावर आधारलेलं आहे. दिवसा आपला डोळा पिवळसर हिरव्या रंगाला सर्वांत तीव्र प्रतिसाद देतो. अंधारात ही तीव्रता निळ्याकडे सरकते. म्हणून अनेक युरोपीय देशांत गाडी गंधकी पिवळी आणि दिवे निळे. ब्रिटनमध्ये बाजूने हिरवे-पिवळे मोठे चौकोन आणि मागे तिरके पट्टे असतात. मात्र हे परावर्तक पट्टे देणगीदारांची नावं आणि फोटोंनी झाकले की सगळं व्यर्थ. आणि रात्री रस्त्याकडेला उभ्या गाडीचे दिवे पूर्ण प्रखर ठेवले तर समोरचा चालक दिपतो, तिथंच काम करणारा माणूस त्याला दिसत नाही. थांबल्यावर दिवे मंद करायची सोय असली तर ती वापरावी.

## ‘पण एकेक मिनिट मोलाचं असतं’

काही आजारांत असतं: हृदय थांबणं, मोठा रक्तस्राव, श्वासनलिका बंद होणं. पण सायरनने किती मिनिटं वाचतात ते मोजलं गेलं आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाला नेताना दिवे-सायरन वापरल्याने सरासरी ४३.५ सेकंद वाचले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच मोठ्या आकडेवारीवर आधारलेल्या अभ्यासात रुग्ण घेऊन जाताना सायरनशिवाय लाख फेऱ्यांमागे ७ आणि सायरनसह १७.१ अपघात दिसले. प्रत्येक रुग्णासाठी धोका दुपटीहून अधिक करायचा आणि मिळवायचं पाऊण मिनिट, हा व्यवहार ठरावीक रुग्णांपुरताच योग्य आहे. पाच किलोमीटर अंतर ताशी ४० ने साडेसात मिनिटांत कापलं जातं, ५० ने सहा मिनिटांत. दीड मिनिट वाचतं, पण धडक झाली तर ती दीडपटीहून जास्त जोराची असते.

## ‘परदेशी उत्तम गाडी जशीच्या तशी का आणत नाहीत?’

कारण मानक हवामान आणि रस्ता धरून लिहिलेलं असतं. ईएन १७८९ मध्ये उणे १० अंशांतून आतली हवा १५ मिनिटांत ५ अंशांवर आणि ३० मिनिटांत २२ अंशांवर यावी अशी हीटरची अट आहे. उष्ण प्रदेशात प्रश्न उलटा. उन्हात उभ्या बंद गाडीत औषधं खराब होतात, रबरी नळ्या चिकट होतात, मॉनिटर बंद पडतो. तिथं दुहेरी काच, छपराखाली जाड उष्णतारोधक थर आणि मागच्या भागाला स्वतंत्र एसी लागतो. तो एसी चालवायला मोठा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणारं यंत्र, हवा. साध्या गाडीची वीज पुरत नाही. १२ व्होल्टची १०० अँपियर-तासाची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तर ६०० वॉट-तास हातात येतात, ३०० वॉटच्या उपकरणांना जेमतेम दोन तास. म्हणून उपकरणांची बॅटरी इंजिन चालू करायच्या बॅटरीपासून वेगळी ठेवतात, आणि गाडी उभी असताना बाहेरून प्लग लावून चार्ज करतात. हे केलं नाही तर रुग्ण आत आणि गाडी सुरू होईना, अशी वेळ येते.

## सोबत जाताना

नातेवाइकाने एकानेच बसावं, शक्य तर पुढे, आणि पट्टा लावावा. लहान मूल रुग्ण असेल तर त्याला मांडीवर न घेता स्ट्रेचरवरच्या मुलांसाठीच्या पट्ट्यांत बांधायला सांगावं. रुग्णाच्या खांद्यावरचे पट्टे दिसत नसतील तर ‘हे पण लावाल का?’ असं शांतपणे विचारावं. पायाशी सुटा बाटला लोळत असेल तर तो निघण्याआधी ब्रॅकेटमध्ये अडकवून घ्यावा. घरच्या मोटारीने रुग्णवाहिकेच्या मागे चिकटून जाऊ नये. ती लाल दिव्यात वाट काढून गेली की मागच्या मोटारीला कोणी वाट देत नाही. रुग्णालयाचा पत्ता विचारून आपल्या वेगाने पोहोचावं. आणि चालकाला ‘जोरात घ्या’ म्हणू नये. मागे कोणीतरी त्या क्षणी सुई धरून बसलेलं असतं.